आदिवासी, वनवासी, जनजाती, मूलनिवासी : आपल्याकडे कोणता शब्द, आणि का?

पोडावरचा_मास्तर
जय सेवा, नमस्कार मंडळी.

मी केळापूर तालुक्यात शिकवतो. गावात गोंड, कोलाम, परधान अशी वस्ती, थोडी कुणबी-तेल्यांची घरं. वाचनालयाचा फलक रंगवायचा आहे आणि त्यावर 'आदिवासी' लिहायचं की 'जनजाती' यावर ग्रामसभेत गाडी अडली. काही पोरं म्हणतात, सरकार 2021 पासून 15 नोव्हेंबरला, बिरसा मुंडांच्या जयंतीला, जनजातीय गौरव दिवस करतं, तर तोच शब्द घ्या. बाकीचे म्हणतात, आपण 9 ऑगस्टला आदिवासी दिवस करतो, आपला शब्द ठरलेला आहे. मागे एका पाहुण्यांनी भाषणात सगळ्यांना 'वनवासी बंधू' म्हटलं होतं, त्याचा राग म्हाताऱ्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. आणि पोडावरची (कोलामांच्या वस्तीवरची) एक आजी उठून म्हणाली, "आमी कोलाम आहो, कोलाम लिहा ना."

माझं मत आधीच सांगतो. आधी जमातीचं नाव, आणि सगळ्यांना मिळून म्हणायचं असेल तेव्हा 'आदिवासी'. पण ग्रामसभेत नुसतं मत चालत नाही, कारणं लागतात. तुमच्याकडे काय म्हणतात आणि काहून म्हणतात, ते लिहा.

झाडीपट्टीकर
आमच्या धानोऱ्याकडे बाजारात कोणी 'मी आदिवासी' असं सांगत नाही. गोंड म्हणतो मी गोंड, माडिया म्हणतो मी माडिया. गोंडीत बोलत असले तर 'कोयतूर'. 'आदिवासी' हा शब्द मोर्चात, ग्रामसभेत आणि तहसील कचेरीत निघतो. दोन्ही खरेच आहेत, फक्त ठिकाण वेगळं.

वणीवाला
मास्तर, राग मानू नका, पण 'वनवासी'त वाईट काय आहे ते मला खरंच समजून घ्यायचं आहे. माझे आजोबा जंगल कामगार सोसायटीत होते, ते प्रेमानंच 'वनवासी' म्हणायचे. वनात राहतो तो वनवासी. शिवी तर नाही ना?

सातदेवे
वणीवाले भाऊ, तुम्ही नीट विचारलं म्हणून नीट सांगतो.

पहिलं. आपल्या मराठी कानाला वनवास म्हटलं की रामाचा वनवास आठवतो. तो शिक्षा म्हणून मिळाला, चौदा वर्षांचा होता, आणि संपल्यावर राम अयोध्येला परत गेला. आम्ही जंगलात शिक्षा भोगायला आलो नाही आणि परत जायला आमची दुसरी अयोध्या नाही.

दुसरं. सगळे गोंड वनातच राहत होते हे इतिहासात बसत नाही. चांदा, देवगड, खेरला, गढा-मंडला ही गोंडांची राज्यं. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला. नागपूर शहर देवगडच्या बख्त बुलंद शाहानं वसवलं. ज्यांनी शहरं वसवली त्यांना वनवासी म्हणायचं, तर आमचा अर्धा इतिहास पुसूनच म्हणावं लागेल.

तिसरं आणि माझ्या दृष्टीनं मोठं. 'वनवासी' फक्त कुठे राहतो ते सांगतो. 'आदिवासी' आधीपासून कोण आहे ते सांगतो. नुसता राहणारा उठवता येतो. आधीपासूनच्या माणसाला उठवायचं तर त्याला आधी विचारावं लागतं. कोळसा खाणीच्या गावांमध्ये हा फरक लोकांना चांगला कळतो, वणीला तर तुम्ही रोज पाहता.

तुमच्या आजोबांच्या प्रेमाबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वणीवाला
खाणीचं उदाहरण पटलं. राजकारणाच्या बाजूनं कोणी लिहील का? हा शब्द एवढा पसरला कसा?

मोहफूल
मुख्यतः वनवासी कल्याण आश्रमामुळे. रमाकांत केशव देशपांडे यांनी 1952 मध्ये जशपूरला तो सुरू केला, आणि पुढे त्या कामाबरोबर शब्दही देशभर गेला. त्यांची भूमिका अशी की या देशात सगळेच मूळचे, म्हणून 'आदि' कोणी एक नाही. त्यांच्या वसतिगृहात शिकलेली माझ्या नात्यातली पोरं आहेत, शिक्षण मिळालं त्याचा मान ठेवते. पण शिक्षण देणाऱ्याला नाव ठेवायचा हक्क मिळतो असं मी मानत नाही.

याच वळणाचं मत त्याच्याही आधीचं आहे. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1940 च्या दशकात या लोकांना 'मागासलेले हिंदू' म्हटलं होतं. म्हणजे आमच्यावर नाव कोणतं चिकटवायचं याचा वाद स्वातंत्र्याच्या आधीपासून दुसरेच लोक करत आले.

वकील_नागपूर
कायद्याचं मी सांगतो, कारण इथेच लोक गोंधळतात.

संविधानात 'आदिवासी' शब्द नाही. 'अनुसूचित जमाती' आहे. अनुच्छेद 342 खाली राष्ट्रपती यादी काढतात आणि नंतर त्यात भर घालायची किंवा काही वगळायचं तर संसदेनंच कायदा करावा लागतो. राज्य सरकारला किंवा न्यायालयालाही यादीत शब्द घालता येत नाही.

आता मजा पहा. जयपाल सिंग मुंडांनी संविधान सभेत 'आदिवासी' शब्दासाठी जोर लावला होता. भाषांतरात येणारा 'बनजाती' हा शब्द त्यांना अपमानाचा वाटत होता. (हेच जयपाल सिंग 1928 च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार. चेंडू सहजी सोडणारा माणूस नव्हे!) डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर 1948 मध्ये उत्तर दिलं की 'आदिवासी' हा सर्वसाधारण शब्द आहे, त्याला कायद्यात ठरलेला अर्थ नाही, त्यात कोणीही कोणालाही धरू शकतो. यादी करून प्रत्येक जमातीचं नाव लिहिलं की हक्क कोणाला ते पक्कं होतं.

मला दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात. जयपाल सिंग मानाबद्दल बोलत होते, बाबासाहेब हक्काच्या पुराव्याबद्दल. म्हणून मास्तर, फलकावर 'आदिवासी' लिहा, पण पोरांच्या दाखल्यावर नाही. दाखल्यावर यादीतलं जमातीचं नाव अक्षर न् अक्षर तसंच पाहिजे. 'आदिवासी गोंड', 'हिंदू गोंड' अशा जुन्या नोंदींवरून पडताळणी समितीसमोर किती खेटे होतात, ते मी रोज पाहतो.

सिरोंचाकर
जाता जाता. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणात सरकारी बोलण्यात 'गिरिजन' चालतं. आमचे सोयरे तिकडे गेले की गिरिजन, इकडे आले की आदिवासी, दिल्लीच्या मंत्रालयात जनजाती. माणूस तोच!

पोडावरचा_मास्तर
वकीलसाहेब, एक विचारतो. आमचे म्हातारे सांगतात की पूर्वी आमच्या तालुक्यातला गोंड 'जमातीत' होता, पण त्याचाच भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला तर तो नव्हता. हे खरं का?

वकील_नागपूर
खरं आहे. विदर्भात गोंडांसह बऱ्याच जमातींना ठरावीक तालुक्यांपुरतंच धरलं होतं : मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. त्याबाहेरचा गोंड कागदावर अनुसूचित जमातीचा नव्हता. 1976 च्या दुरुस्ती कायद्यानं हे क्षेत्रबंधन उठवलं. यादी आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. रेषेअलीकडे गोंड आणि पलीकडे कोणीच नाही, असं कुठे असतं का?

वर्धाकाठ
मी बौद्ध समाजातला. आमच्याकडे 'मूलनिवासी' शब्द जोरात आहे. एससी, एसटी, ओबीसी सगळे इथले मूळचे, असा त्याचा अर्थ. मला तो जवळचा वाटतो, कारण त्यात आपण सगळे एकत्र येतो. आदिवासी भावांना तो का खटकतो, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.

सातदेवे
वर्धाकाठ दादा, खटकत नाही. 6 डिसेंबरला आणि 14 ऑक्टोबरला तुमच्याबरोबर उभं राहताना मला अभिमानच वाटतो. अडचण एवढीच की काही प्रश्न फक्त आमचे आहेत. संविधानाची पाचवी अनुसूची (आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराची), पेसा (त्या क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ, म्हणजे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, ही तरतूद. 'मूलनिवासी' म्हटलं की हे सगळं मोठ्या छत्रीखाली दिसेनासं होतं. एकजूट असू द्या, पण आमच्या प्रश्नाला त्याच्या नावानं हाक मारू द्या.

वर्धाकाठ
समजलं. 'दलित' शब्दाबद्दल आमच्यातही असंच चालतं, कोणाला तो लढ्याचा वाटतो, कोणाला नको वाटतो. मी माझ्या गटात तुमचं म्हणणं मांडतो.

काटोलचा_संत्रेवाला
पण मग मूळचे नक्की कोण? इतिहासात कोण आधी आलं हे सिद्ध करता येतं का? भारत सरकारचीही भूमिका आहे की सगळे भारतीय इथले मूळचेच.

वकील_नागपूर
संयुक्त राष्ट्रांचा मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा 13 सप्टेंबर 2007 ला आला तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं, पण स्वातंत्र्यानंतर सगळे भारतीय मूळनिवासीच, असं म्हणूनच. त्याच्याही आधी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा याच लोकांबद्दलचा 1957 चा 107 क्रमांकाचा करार भारतानं मान्य केला होता, 1989 चा 169 क्रमांकाचा मात्र केला नाही. दुसरीकडे आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2011 मध्ये, महाराष्ट्रातल्या एका भिल्ल महिलेवरच्या अत्याचाराच्या खटल्यात, आदिवासी हे या देशाच्या मूळ रहिवाशांचे वंशज असावेत असं लिहिलं. म्हणजे सरकार एक म्हणतं, न्यायालय दुसरं म्हणतं.

सातपुडा_भटक्या
काटोलकर भाऊंच्या प्रश्नाला भाषेच्या बाजूनं उत्तर. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या. कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. आणि बुलढाण्यात जळगाव-जामोदकडे निहाली बोलतात, ती तर कुठल्याच कुळात बसत नाही, जगात एकटी आहे. तिच्या मागे किती जुना काळ असेल, कल्पना करा. यादीत मात्र निहाल हे कोरकूंच्या नोंदीतच टाकलेले आहेत.

म्हणजे 'आदिवासी' ही एक जात नव्हे की एक वंश नव्हे. विदर्भातच तीन वेगळ्या मुळांची माणसं त्या शब्दात आहेत. त्यांना जोडणारी गोष्ट आहे जंगल-जमिनीशी असलेलं नातं आणि ते तोडणाऱ्यांशी आलेला अनुभव. कोण किती हजार वर्षांपूर्वी आलं हा हिशोब करायची मला गरज वाटत नाही.

धारणीची
मेळघाटातून लिहिते. मी कोरकू. आमच्या भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसं. आमच्या पूर्वजांनी स्वतःला काय म्हटलं? माणसं. बाकी सगळी नावं बाहेरून आली.

1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, मग गावं उठू लागली. पुनर्वसनाच्या बैठकांमध्ये आम्हाला 'लाभार्थी', 'कुटुंब', 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात. या शब्दांबद्दल कोणी वाद घालत नाही, पण मला 'वनवासी'पेक्षा हेच जास्त लागतात. प्रकल्पग्रस्त म्हटलं की आम्ही कोण होतो ते संपतं आणि फक्त आमचं काय गेलं तेवढं उरतं.

मोहफूल
धारणीची ताई, हे वाचून थांबले. बरोबर आहे तुझं.

वैनगंगेचा_ढीवर
या धाग्यावर आमची पण एक बाजू येऊ द्या. आम्ही ढीवर. तलाव, नदी, जंगलाच्या कडेची माणसं, पण अनुसूचित जमातीत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात आम्ही 'इतर पारंपरिक वननिवासी'. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो, आम्हाला तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षांचा पुरावा लागतो. माझ्या आज्याच्या मासेमारीची पावती कोणी ठेवली असेल? शब्द एक सरकला की पुरावा पाऊण शतक मागं सरकतो.

आदिवासी भावांच्या हक्कात मला वाटा नको. पण सामूहिक वनहक्काच्या दाव्यात गावातले सगळे एकत्र बसले तर आमचंही भागतं.

झाडीपट्टीकर
ढीवर भाऊ, तेच तर मेंढा-लेखानं केलं. आमच्याच धानोरा तालुक्यातलं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे 'ग्रामसभा' या शब्दानं जेवढं काम केलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच शब्दानं केलं नाही.

भंडाऱ्याची_सून
मी गोवारी. वाचत होते, लिहावं की नाही कळत नव्हतं. शब्दावरून आमच्यावर काय आलं ते नवीन पोरांना माहीत असावं म्हणून लिहिते.

यादीत 'गोंड गोवारी' असं आहे. त्या दोन शब्दांत स्वल्पविराम आहे की नाही, ते एका जमातीचं नाव की दोन, यावर आमचं अनुसूचित जमातीत असणं-नसणं अडलं. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात अधिवेशनावर मोर्चा गेला आणि चेंगराचेंगरीत 114 माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं किती तरी. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आमच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला : गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे.

माझ्या सासरचं एक माणूस त्या मोर्चातून परत आलं नाही. शब्दांवर वाद घालणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, असं कोणी म्हटलं की मला सहन होत नाही.

पोडावरचा_मास्तर
ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. नागपूरचं ते स्मारक मी वर्गातल्या पोरांना दाखवतो.

सातदेवे
ताई, माझ्या गोंड भावांमध्येही या विषयावर दोन मतं आहेत आणि ती कडवट आहेत. यादीत भर पडली की आपला वाटा कमी होईल ही भीती खरी आहे, कारण वाटा मुळातच लहान आहे. 2011 च्या जनगणनेत राज्यात आम्ही सगळे आदिवासी मिळून सुमारे 9.4 टक्के, गडचिरोलीत सुमारे 38.7. हलबा-कोष्टी प्रकरणात, धनगर-धनगड वादात, म्हणजे यादीतल्या नावात कोण बसतो यावरच्या अशाच भांडणांत, हेच दिसतं. पण गेलेल्या माणसांबद्दल दोन मतं नाहीत.

वणीवाला
एक साधी शंका. 'जमात' आणि 'जनजाती' यात फरक काय? दोन्ही सरकारीच ना?

मोहफूल
अर्थ एकच. महाराष्ट्र सरकारच्या कागदांवर 'अनुसूचित जमाती', हिंदीत 'अनुसूचित जनजाति'. मराठीत 'जनजाती' बहुतेक हिंदीतून आलाय. राज्याच्या खात्याचं नाव 'आदिवासी विकास विभाग' आणि पुण्याच्या संस्थेचं 'आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था'. तेव्हा मास्तर, ग्रामसभेत कोणी म्हणालं की 'आदिवासी' शब्द सरकारी नाही, तर खात्याचं नावच दाखवा.

वकील_नागपूर
याला माझं अनुमोदन. आणि दाखल्याचं राहून गेलं होतं ते सांगतो : पडताळणीत 6 सप्टेंबर 1950 च्या आधीची नोंद सगळ्यात मोलाची. आजा-पणजाचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना अधिकार अभिलेख, जे असेल ते आजच काढून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2023 मध्ये सांगितलं की आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नाही. देव किती, लग्नाची रीत कोणती, हे विचारून शहरात वाढलेल्या पोराला नापास करता येत नाही.

झाडीपट्टीकर
देव किती हे तर आमच्याकडे सोयरीक ठरवताना पहिलं विचारतात! चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे. सारख्या देवांच्यात लग्न नाही. मडावी कोणाचे, आत्राम कोणाचे, हे म्हाताऱ्या बायांना तोंडपाठ. पोरांना नाही, हे मात्र खरं आहे.

सातदेवे
माझ्या नावावरून कळलंच असेल मी कितीचा. सोयरीक घेऊन येणाऱ्यांनी आधी मोजून यावं :)

पोडावरचा_मास्तर
मंडळी, ग्रामसभा झाली. हा धागा मी छापून नेला होता. धारणीच्या ताईंचं आणि गोवारी ताईंचं मोठ्यानं वाचलं तेव्हा कोणी मधे बोललं नाही. फलकावर 'आदिवासी वाचनालय' ठरलं, खाली गावाचं नाव. 'जनजाती' म्हणणाऱ्या पोरांनीही हात वर केला, त्यांची अट एवढीच की 15 नोव्हेंबरही साजरा करायचा. ती रास्त आहे, बिरसा सगळ्यांचेच. आणि 21 ऑक्टोबरला बाबूराव शेडमाकेंचा स्मृतिदिन, 1858 मध्ये इंग्रजांनी चांद्यात फाशी दिली त्यांना, तोही घेतला.

आजीचं 'कोलाम लिहा' हे राहिलं. ते एका वाचनालयाच्या नावात बसेना. तिला काय सांगावं?

कोलामपोरगी
मास्तर, मी सांगते. मी पांढरकवड्याला कॉलेजात आहे. आजीला सांगा, नावापेक्षा आत कोलामी ठेवा. राज्यात कातकरी आणि माडिया यांच्याबरोबर कोलाम ही विशेष असुरक्षित जमात म्हणून धरलेली आहे, योजनांच्या कागदावर आमचं नाव येतं. पण माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर मातृभाषेत कोलामीला जागा नव्हती, 'इतर' होतं. गावातली आई-बाबाची पिढी कोलामी बोलते, पण कोणी विचारलं तर 'मराठी' सांगते, लाजून. 2011 मध्ये देशात सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी कोलामी लिहिली. गोंडी तीस लाखांच्या आसपास, आणि गोंड आहेत त्याच्या कितीतरी पट.

वाचनालयात एक वही ठेवा, आजीला गोष्टी सांगू द्या, पोरांनी देवनागरीत लिहून काढाव्यात. मी सुट्टीत येऊन बसते.

धारणीची
हे आमच्याकडेही करायला पाहिजे. कोरकूचं पण तेच होतंय.

पोडावरचा_मास्तर
वही उद्याच आणतो. पोरी, तुझ्या सुट्टीचं कळव, आजीला सांगून ठेवतो.

मोहफूल
1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकानं जनगणना होणार आहे, यावेळी जातीची नोंदही आहे. मातृभाषेचा रकाना असेलच. गावोगावी आतापासून सांगा.

काटोलचा_संत्रेवाला
पण फॉर्म तर प्रगणकच भरतो ना? त्यानं सवयीनं 'मराठी' लिहून टाकलं तर?

वकील_नागपूर
घरातला माणूस सांगेल तीच भाषा प्रगणकानं लिहायची असते. दारात उभं राहून 'कोलामी', 'गोंडी', 'कोरकू' असं स्पष्ट सांगा आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा.

कोलामपोरगी
आमच्या पोडावर त्या दिवशी मी घरी असेन.